पावसाळ्यात रुसलेले कीबोर्ड-माउस: बिघाड नेमका कुठे आहे ते कसं ओळखायचं

खाडीकाठ (धागाकर्ता, कोपरी)

पाऊस लागला की कोपरी, ऐरोली, वाशी, खाडीलगतच्या सगळ्याच पट्ट्यात कीबोर्ड-माउसची रडगाणी सुरू होतात. हवेत ओल, त्यात खारटपणा. धातूच्या उघड्या संपर्काला गंज धरायला आणखी काय हवं? बहुतेक जण सरळ नवा आणतात, आणि स्वस्तातला कीबोर्ड असेल तर त्यात चूकही काही नाही. पण टाकण्याआधी तो कशाने गेला एवढं कळावं म्हणून हा धागा. विनंती एकच: "आमच्या भाच्याच्या लॅपटॉपवर एकदा" असलं नको. लक्षण, कारण, उपाय एवढंच लिहा.

कीबोर्डपासून सुरुवात करतो.

१०४ बटणांसाठी आत १०४ वेगळ्या तारा नसतात. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. समजा ८ आडव्या आणि १८ उभ्या, तर छेद १४४ होतात आणि रेषा लागतात फक्त २६. प्रत्येक बटण एका छेदावर बसलेलं असतं. आतली चिप एकेका उभ्या रेषेवर क्रमाने सिग्नल सोडते आणि कोणत्या आडव्या रेषेवर तो पोचला ते बघते. अशी पूर्ण फेरी काही मिलिसेकंदांत होते आणि सतत चालू राहते.

स्वस्त कीबोर्डात ही जाळी प्लास्टिकच्या तीन पातळ पत्र्यांत असते. वरच्या आणि खालच्या पत्र्यावर चांदीच्या शाईच्या रेषा, मधल्या पत्र्याला बटणागणिक भोकं. बटण दाबलं की रबराचा घुमट बसतो, वरचा पत्रा भोकातून खालच्याला टेकतो. बस, एवढंच यंत्र.

हे डोक्यात बसलं की निदान सोपं होतं. कोणती बटणं बंद आहेत त्यांची आधी कागदावर यादी करा.

एकच बटण बंद असेल तर त्याच्याच खाली कचरा आहे, घुमट फाटलाय किंवा तिथला संपर्काचा ठिपका खराब झालाय. पाच-सहा ते बारा-पंधरा बटणं एकदम गेली आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नसेल, तर बटणं निर्दोष आहेत, जाळीतली एक रेषा तुटली आहे. सगळंच बंद असेल तर आधी केबल, मग पोर्ट, शेवटी चिप. एखादं अक्षर आपोआप उमटत राहिलं तर पत्र्यांच्या मध्ये पाणी किंवा चहा शिरलाय.

उघडण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली तर फिल्टर कीज चालू करायची सोय असते. ती चुकून चालू झाली की हलके, झटपट दाबलेले ठोके मोजलेच जात नाहीत आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. शिफ्ट पाचदा दाबली तर स्टिकी कीज, म्हणजे शिफ्ट-कंट्रोल दाबून न धरताही लागू राहतात. लॅपटॉपवर नम लॉक लागला तर काही मॉडेलांत जे-के-एलच्या जागी आकडे येतात. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा आणि बंद पडलेलं अक्षर त्यावर माउसने दाबा. ते नीट उमटलं तर भाषा-सेटिंगचा घोळ नाही. तरीही खात्री नसेल तर बायोसमध्ये (संगणक चालू होताना, विंडोजच्या आधी उघडता येणारा सेटिंगचा पडदा) जाऊन बघा. तिथे विंडोजची लुडबुड नसते.

---

घणसोलीकर

वेळेवर धागा. यूएसबी कीबोर्ड, साधा, पत्र्यांचाच असावा. बंद बटणं: २, डब्ल्यू, एस, एक्स, कॅप्स लॉक, एफ१. बाकी सगळी चालतात. काही सांडलेलं नाही. रेषा तुटली असं धरायचं का?

---

सोल्डरवाला (राबाळे)

हो, ही सरळ एका उभ्या रेषेची यादी आहे. बऱ्याच कीबोर्डांत २-डब्ल्यू-एस-एक्स एकाच रेषेवर असतात. पण "तुटली" म्हणायची घाई नको. काही सांडलेलं नसताना रेषा मध्येच तुटणं कमी. जास्त वेळा दोष तिच्या शेपटीशी असतो.

पत्र्यांची शेपटी चिपच्या छोट्या बोर्डावर सोल्डर केलेली नसते, नुसती दाबून बसवलेली असते. बोर्डावर काळे कार्बनचे दात, शेपटीवर तसेच काळे दात, वरून एक पट्टी आणि दोन-तीन स्क्रू. स्क्रू सैल झाला, पट्टी गंजून वाकली किंवा दातांवर ओल-धुळीचा थर बसला की कडेची एखादी रेषा सुटते.

उघडायचं कसं: पालथा घालून सगळे स्क्रू काढा. दहा ते वीस असतात, आणि एखादा हमखास स्टिकरखाली दडलेला असतो. बोटाने स्टिकर दाबून बघा, खळगा लागतो. सगळे काढल्यावरही झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, राहिलेला स्क्रू शोधा. मग कडेच्या खाचा जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडवा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचकटलं की खाच मोडते.

उघडल्यावर घुमटांचा पत्रा अलगद बाजूला ठेवा. घुमट सुटे असतील तर कीबोर्ड उलटाच ठेवून काम करा, नाहीतर १०४ घुमट घरभर. पट्टी काढा, दोन्हीकडचे काळे दात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा. खोडरबराने घासू नका, कार्बन निघून येतो. पट्टी परत लावताना स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की पट्टी तिरकी बसते.

इतकं करूनही तीच सहा बटणं बंद राहिली तर मल्टिमीटर काढा. शेपटीचा दात ते त्या बटणाचा ठिपका. चांगली रेषा साधारण दहा-वीस ते शंभर ओमच्या घरात दाखवते. तुटलेली असेल तर मीटर ढिम्म हलत नाही. अर्ध्या-अर्ध्या अंतरावर टोक सरकवत गेलात की तुटलेली जागा सापडते. तिथे चांदीचा वाहक रंग टाचणीच्या टोकाने लावायचा. सोल्डरिंग आयर्न पत्र्याजवळ नेऊ नका, प्लास्टिक क्षणात आक्रसतं.

---

नवपाड्याचा

पेन्सिलने रेषा ओढून चालते असं वाचलंय.

---

सोल्डरवाला

तात्पुरती, आणि तीही फक्त काळ्या ठिपक्यांवर. ग्रॅफाइटचा रोध चांदीच्या शाईपेक्षा कितीतरी जास्त. दोन-तीन सेंटिमीटरची तुटलेली रेषा पेन्सिलने जोडली तर मीटरवर हजारो ओम दिसतात आणि चिपला सिग्नल पोचल्याचं कळतच नाही.

---

टंकिका (डोंबिवली, काम ठाण्यात)

चहा सांडलेल्या कीबोर्डबद्दल लिहिते, कारण ऑफिसातलं खरं संकट पाऊस नाही, कटिंग चहा आहे.

पहिली चूक: वरून टिश्यूने पुसून काम चालू ठेवणं. केबल काढा, तिथल्या तिथे उलटा करा. दुसरी चूक: थेट अल्कोहोल ओतणं. साखर अल्कोहोलात विरघळत नाही. चहाची, सरबताची साखर आधी डिस्टिल्ड पाण्याने काढायची, नंतर अल्कोहोल, ते पाणी हाकलण्यासाठी. नळाचं पाणी नको, सुकल्यावर क्षार मागे राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालतं.

पत्रे कडेला चिकटवलेले असतात. चहा त्या फटीतून आत ओढला जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पत्रे उजेडाकडे धरले की आतले डाग दिसतात. वेगळे करता येत असतील तर करा, मऊ कापडाने टिपा. घासू नका, चांदीच्या रेषा हाताशी येतात.

बटणांच्या टोप्या कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणात धुवायच्या. काढण्याआधी फोटो काढून ठेवा. स्पेस, एंटर, शिफ्ट यांच्याखाली तारेचा आधार असतो, तो आधी खाचेतून सोडवायचा. टोप्या कापडावर पसरून निदान २४ तास. जुलैत ४८. उन्हाची वाट पाहू नका, ते ऑक्टोबरात येईल. पंख्याखाली ठेवा.

सॅनिटायझरने पुसू नका. त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नाही, ॲसिटोनने प्लास्टिक वितळतं.

---

मेकॅनिकल_मामा

पत्र्यांच्या कीबोर्डबद्दल झालं. मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं.

इथे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. दांडा, स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या. चेरी एमएक्स रेडचं उदाहरण: पूर्ण खोली ४ मिलिमीटर, ठोका नोंदवला जातो २ मिलिमीटरवर, जोर ४५ सेंटिन्यूटन. म्हणजे तळाला आपटायची गरज नसते.

पात्या एकमेकींना भिडताना काही क्षण थरथरतात. चालू-बंद-चालू-बंद. चिपने प्रत्येक थरथर मोजली तर एका ठोक्याला चार अक्षरं पडतील. म्हणून चिप पहिल्या बदलानंतर थोडा वेळ थांबते. चांगल्या स्विचची थरथर ५ मिलिसेकंदांच्या आत संपते. पात्यांवर काजळी धरली की ती लांबते आणि "नमस्कार"चं "नमस्स्कार" व्हायला लागतं.

उपाय क्रमाने. टोपी काढून स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विद्युत संपर्क साफ करायचा स्प्रे) एक छोटा फवारा, मग शंभरेक वेळा दाबा. कुलूप-बिजागरीचं तेलकट स्प्रे नको, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. क्यूएमके फर्मवेअर (कीबोर्डच्या चिपमधलं, सेटिंग बदलता येणारं सॉफ्टवेअर) असेल तर थांबण्याचा वेळ मुळात ५ मिलिसेकंद असतो, तो १० करा. बहुतेक दुखणी तिथेच झाकली जातात. तरीही राहिलं तर स्विच बदला. सॉकेटवाला बोर्ड (स्विच सोल्डर न करता नुसते खोचलेले) असेल तर चिमट्याने उपटून नवा बसवायचा. नव्याचे दोन्ही पाय सरळ आहेत ना ते बघून मगच दाबा. वाकडा पाय आत दुमडतो आणि मग दोष स्विचचा की बोर्डाचा हे शोधण्यात तास जातो.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

गेम खेळताना तीन बटणं दाबली की चौथं घेतच नाही. हा बिघाड का?

---

मेकॅनिकल_मामा

नाही, तो जाळीचा स्वभाव आहे. आयताच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं दाबली की प्रवाह उलट्या वाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यावर पोचतो. चिपला वाटतं चौथंही दाबलंय. असं भूत-बटण उमटू नये म्हणून स्वस्त कीबोर्डाची चिप अशा वेळी नवा ठोकाच नाकारते. महाग कीबोर्डात प्रत्येक स्विचला एक डायोड असतो, प्रवाह एकाच दिशेने जातो, प्रश्न मिटतो. हाताने कीबोर्ड बनवणारे लोक १एन४१४८ नावाचा डायोड वापरतात. सगळे एकाच दिशेने लावायचे. एक उलटा लागला की तेवढंच बटण मुकं.

दुसरी मर्यादा यूएसबीची. साधा कीबोर्ड दर वेळी ८ बाइट पाठवतो. पहिल्यात कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-विंडोज या आठ बटणांचे आठ बिट, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत सहा बटणं. सातव्याला जागाच नाही.

---

खाडीकाठ

यातच भर. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. यूएसबीत "ए" बटणाचा क्रमांक ४, "बी"चा ५, असं "झेड"पर्यंत २९. त्यातून इंग्रजी ए काढायचा की मराठी ओकाराची मात्रा, हे संगणकातली मांडणी ठरवते. म्हणून "मराठी कीबोर्ड" असं वेगळं हार्डवेअर लागत नाही, टोप्यांवर छापलेली अक्षरं तेवढी वेगळी.

---

टंकिका

मग इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीचंही सांगते. धाग्याच्या विषयात बसतं असं धरून.

डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. के म्हणजे क, शिफ्ट-के म्हणजे ख. आय ग, शिफ्ट-आय घ. डी वर हलन्त, तोच जोडाक्षराचा प्राण. लिपिक-टंकलेखकासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्द मागतात, तो वेग गाठताना अडतं ते डी वर, बाकी बोटं लवकर बसतात.

बरेच जण "तऱ्हा" लिहायला जातात आणि "तर्हा" उमटतं. साधा र जे वर आहे. र-हलन्त-ह दिलं की रफार होतो. मराठीचा अर्धचंद्रासारखा ऱ्ह, ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे दाबायचं. "तऱ्हा" म्हणजे एल, शिफ्ट-जे, डी, यू, ई. "दुसऱ्या"तही तसंच. हिंदीला हा र लागत नाही, म्हणून हिंदीतून शिकलेल्यांना तो माहीतच नसतो. ळ शिफ्ट-एन वर, ण शिफ्ट-सी वर.

"माझं डी बटण अधूनमधून लागत नाही" असं मराठी टंकणाऱ्याने सांगितलं तर ते बटण खरंच झिजलेलं असण्याची शक्यता जास्त. इंग्रजीत डी ला इतका मार पडत नाही.

---

वाशी_सेक्टर१७

कीबोर्ड पुरे. माउसवर कोणी लिहील का? एकदा क्लिक केलं की फाइल उघडते, आणि मजकूर निवडताना मध्येच निवड सुटते.

---

सोल्डरवाला

हे माउसचं सगळ्यात नेहमीचं दुखणं. डाव्या बटणाचा मायक्रोस्विच गेलाय.

आत तांब्याच्या मिश्रधातूची एक बाकदार पाती असते. दाबल्यावर ती टकदिशी उडी मारून दुसऱ्या संपर्कावर बसते. बऱ्याच माउसमध्ये डी२एफसी-एफ-७एन हा स्विच किंवा त्याची नक्कल दिसते. लाखो क्लिकनंतर पातीचा ताण उतरतो, संपर्कावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. दुसरं कारण मजेशीर आहे: माउसमध्ये या संपर्कातून प्रवाह अगदीच किरकोळ वाहतो. थोडा जास्त वाहिला असता तर पापुद्रा जळून संपर्क आपोआप साफ होत राहिला असता. इथल्या हवेत तो पापुद्रा लवकर जमतो. मग एका दाबात संपर्क तुटून पुन्हा जुळतो आणि संगणक दोन क्लिक मोजतो.

विंडोजमध्ये डबल-क्लिकचा वेग बदलून हे सुटत नाही. तिथे मूळ मुदत ५०० मिलिसेकंद, आणि खोटी क्लिक त्याच्या कितीतरी आत येते. शिवाय ओढताना निवड सुटते त्यावर त्या सेटिंगचा काहीच परिणाम नाही.

आता दुरुस्ती. स्क्रू माउसच्या तळाच्या पायांखाली असतात. पाय म्हणजे त्या गुळगुळीत पट्ट्या. हेअर ड्रायरने जरा गरम करून सावकाश उचला, दुमडल्या तर पुन्हा नीट चिकटत नाहीत आणि माउस खरखरतो. उघडून बोर्ड काढा. स्विचला तीन पाय. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश सेल्सिअस. जुन्या सोल्डरवर आधी थोडं नवं ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डर चढवा, मग पंपाने ओढा. नवं न चढवता ओढायला गेलं की सोल्डर अर्धवट निघतं आणि जोर लावल्यावर बोर्डावरची तांब्याची कडी उखडते. नवा बसवताना वरच्या बोंडाची बाजू जुन्यासारखीच ठेवा, उलटा बसला तर माउसचं झाकण बोंडावर टेकणारच नाही. स्विच बोर्डाला पूर्ण टेकलाय ना ते पाहूनच सोल्डर करा.

नवा स्विच लगेच मिळत नसेल तर एक जुनी युक्ती: उजव्या बटणाचा स्विच काढून डाव्याला लावा, डाव्याचा उजव्याला. बहुतेक माउसमध्ये दोन्ही एकच असतात, आणि उजवा फारसा वापरलेला नसतो.

---

नवपाड्याचा

स्विचचं झाकण उघडून पाती वाकवून ताण देतात ते?

---

सोल्डरवाला

होतं, पण पाती परत त्या दोन खाचांत बसवणं म्हणजे चिमट्याने मोहरीवर नाव लिहिणं. अर्धा तास गेला आणि पाती उडून फरशीवर पडली की ती झाडूतच सापडते. नवा स्विच बसवा, चहा-वडापावच्या पैशांत काम होतं.

---

वाशी_सेक्टर१७

सुटे स्विच कुठे मिळतील? इथे आसपास फक्त तयार माउस विकतात.

---

खाडीकाठ

लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, स्टेशनपासून पायी. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. जुना स्विच सोबत न्या. नुसतं "माउसचा स्विच द्या" म्हटलं की चाकाखालचा चौकोनी टॅक्ट स्विच हातात पडतो. आणि एक नाही, पाच घ्या. प्रवासाचा वेळ वसूल व्हायला हवा.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

चाक खाली फिरवलं तर पान मध्येच वर उडी मारतं. हाही स्विचच का?

---

मेकॅनिकल_मामा

नाही, एन्कोडर. चाकाच्या आसाला जोडलेला छोटा डबा. त्यात दोन संपर्क थोडे मागेपुढे लावलेले असतात. चाक फिरताना दोन सिग्नल मिळतात, एक दुसऱ्याच्या पाव फेरा मागे. कोण पुढे आहे त्यावरून दिशा कळते. आत केस, धूळ किंवा आटलेलं ग्रीस शिरलं की एखादा ठोका गळतो, क्रम उलटा लागतो आणि पान वर पळतं.

डब्याच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब, चाक दोन्हीकडे तीस-चाळीस वेळा फिरवा, सुकू द्या. महिन्याभरात पुन्हा सुरू झालं तर एन्कोडर बदला. विकत घेण्याआधी बोर्डापासून आसाच्या भोकापर्यंतची उंची कॅलिपरने मोजा. ७, ९, ११ मिलिमीटर असे वेगवेगळे येतात. दोन मिलिमीटरचा फरक पडला की चाक झाकणाला घासतं.

काही माउसमध्ये संपर्कच नसतात, दातेरी चाकाच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला सेन्सर. तिथे फुंकर मारून केस काढला तरी काम होतं.

---

टंकिका

टेबलावर काच असेल तर माउस नाचतो, त्याचं कारणही कोणीतरी लिहा. अर्ध्या सरकारी-खासगी कचेऱ्यांत टेबलावर काच आणि काचेखाली गणपतीचा फोटो, लोकलचं वेळापत्रक, व्हिजिटिंग कार्डं.

---

खाडीकाठ

ऑप्टिकल माउस खाली एक छोटा कॅमेरा घेऊन फिरतो. जुन्या साध्या सेन्सरमध्ये १८ × १८ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला १५०० वेळा. एलईडीचा प्रकाश तिरका पडतो, त्यामुळे पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांच्या सावल्या दिसतात. आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र कितपत सरकलं ते चिप मोजते. स्वच्छ काचेवर सावल्याच नाहीत, काय मोजणार? खालचा फोटो कॅमेऱ्याच्या नजरेत नीट येत नाही, कारण भिंगाचं अंतर पृष्ठभागापुरतंच जुळवलेलं असतं. माउसपॅड घ्या, नाहीतर साधा कागद चिकटवा. छापील मासिकाचं चकचकीत पान नको.

कर्सर जागच्या जागी थरथरत असेल तर तळाच्या भोकात बघा. एक केस पुरतो.

डीपीआयचा हिशोबही सांगून टाकतो. १६०० डीपीआयचा माउस एक इंच सरकला की १६०० पावलं मोजतो. १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर, पॉइंटरचा वेग मूळ ठेवून आणि ॲक्सिलरेशन बंद करून, डावीकडून उजवीकडे जायला १.२ इंच, म्हणजे साधारण ३० मिलिमीटर. खोक्यावर भलेमोठे आकडे छापतात त्यावरून भाळू नका. नेहमीच्या कामाला ८०० ते १६०० पुरतात.

जाता जाता: डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांच्या १९६४ च्या पहिल्या माउसमध्ये ना गोळी होती ना प्रकाश. लाकडी ठोकळा आणि त्याखाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं.

---

बेलापूर_वायरलेस

केबल नसलेल्या माउसबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. कर्सर अडखळतो, अक्षरं गळतात, सेल नवा, तरीही. डोंगल (माउसचा यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) कुठे खोचलाय ते बघा.

निळ्या यूएसबी ३ पोर्टात चालणारी हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह शेजारी असेल तर तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. डोंगल याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपणच काढलं होतं. उपाय म्हणजे अर्धा-एक मीटरची साधी यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल, तिच्या टोकाला डोंगल, माउसपासून हातभर अंतरावर. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात, लोखंडी डब्याआड डोंगल खोचून तक्रार करण्यात अर्थ नाही. राउटरला ५ गिगाहर्ट्झवर न्या, तोही गोंगाट कमी होतो.

सेलचं: पावसाळ्यात महिनाभर न वापरलेल्या माउसमधून सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळला की पांढरी पूड येते. ते अल्कलाइन आहे, म्हणून इअरबडवर लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन पुसा, फसफसणं थांबलं की अल्कोहोलने. लिंबू तसंच सोडलं तर तेच स्प्रिंग खातं.

---

नवपाड्याचा

लॅपटॉपचं टचपॅड चार्जर लावला की वेड्यासारखं करतं. चार्जर काढला की नीट.

---

सोल्डरवाला

अर्थिंग. टचपॅडखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि तो बदल मोजला जातो. बदल इतका बारीक की चार्जरमधून आलेला गोंगाटही बोटासारखा दिसतो. दोन पिनांचा चार्जर, किंवा तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर, हेच बहुतेकदा कारण. तीन पिनांच्या खऱ्या सॉकेटवर लावून बघा. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, मागे तारच नसते. ते वायरमनकडून तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट यायला हवेत. मीटरने २३० व्होल्टशी स्वतः खेळू नका.

चार्जर काढूनही टचपॅडची क्लिक घट्ट झाली असेल, पॅड एका बाजूने वर आलेलं दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. खालची बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करा, चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच नको. बॅटरी बदला आणि जुनी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या, भंगारात नाही.

---

वाशी_सेक्टर१७

केबल तुटली हे कसं ओळखायचं? कीबोर्ड हलवला की लाइट लागतो, मग जातो.

---

बेलापूर_वायरलेस

तेच लक्षण. जिथे केबल कीबोर्डमध्ये शिरते त्या पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये तार तुटलेली असते, वरचं आवरण शाबूत. आत चार तारा: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. प्लगपासून बोर्डापर्यंत एकेकीची सलगता मीटरवर तपासा, तपासताना केबल वाकवत राहा. तुटलेला भाग कापून टाका, उरलेली केबल बोर्डावर सोल्डर करा. कापण्याआधी बोर्डावरच्या खुणांचा फोटो काढा, कारण स्वस्त केबलमध्ये रंग कधीकधी मनमानी असतात. पांढरी-हिरवी अदलाबदल झाली तर लाइट लागेल पण विंडोज "ओळखलं नाही" म्हणेल. लाल-काळी अदलाबदल झाली तर बोर्ड गेला. केबलला आत गाठ किंवा टाय मारा, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही.

जांभळ्या गोल पिनेचा जुना पीएस/२ कीबोर्ड असेल तर संगणक चालू असताना काढ-घाल करू नका. ते पोर्ट त्यासाठी बनवलेलंच नाही, जुन्या मदरबोर्डवर फ्यूज उडतो.

---

घणसोलीकर

उघडला. एक स्क्रू स्टिकरखालीच होता. शेपटीच्या पट्टीचा कडेचा स्क्रू गंजून सैल झालेला, तिथले दात ओलसर. पुसून, सुकवून, आळीपाळीने आवळला. सहाही बटणं चालू. आता मात्र एफ७ बंद, ते आधी चालत होतं.

---

सोल्डरवाला

त्याचा घुमट बसवताना उलटा पडलाय किंवा सरकलाय. परत उघडा. स्टिकर पुन्हा लावला नसेल अशी आशा.